सहा तारा आणि एकसष्ट पट्ट्या

वसई रोडहून दिव्याकडे निघालं की पहिलं स्टेशन जूचंद्र. या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्या, मालगाड्या मात्र रात्रंदिवस. मागच्या खोलीत माईक लावून अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायला बसावं, चौथ्या टेकला हात बसावा आणि नेमका तेव्हाच मालगाडीचा हॉर्न वाजावा, हे इथे नेहमीचं. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळते, नवरात्रात चंडिकामातेच्या डोंगराकडून स्पीकरचा आवाज येत राहतो. कीबोर्डचा आवाज थेट वायरीतून संगणकात जातो म्हणून निभतं. गिटारला मात्र शांत खोली लागते आणि ती आमच्याकडे बहुतेकांजवळ नाही.

म्हणून गावातली, आसपासच्या नायगाव-कामणची मुलं घरच्या लॅपटॉपवर आगरी गाणी, हळदीची गाणी, देवीची गाणी करतात, तेव्हा गिटारसाठी सॉफ्टवेअर, म्हणजे व्हीएसटी प्लगइन, शोधतात. मला विचारतात, "दादा, गिटारला कोणतं व्हीएसटी घेऊ? खरी वाटली पाहिजे." नाव सांगण्याआधी मी एकच विचारतो: तुमच्या गाण्यात गिटार काय काम करणार आहे?

या प्रश्नाचं उत्तर नसताना घेतलेलं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा वाया जातं. गाण्यात गिटारची कामं मुख्यतः तीन. एक, ढोलकी आणि बासच्या मागे झुलत राहणारं स्ट्रमिंग. दोन, कॉर्डचे सूर एकेक करून सोडणं, म्हणजे पिकिंग. संथ भावगीतात किंवा देवीच्या आळवणीत हे असतं. तीन, अंतऱ्याआधीच्या म्युझिकमध्ये पुढे येऊन वाजणारी चाल, म्हणजे लीड. तिन्ही कामांत एकसारखं उत्तम असलेलं सॉफ्टवेअर मी अजून वापरलेलं नाही.

आतून पाहिलं तर या सॉफ्टवेअरचे प्रकारही ढोबळमानाने तीनच.

पहिला प्रकार तयार फटकाऱ्यांचा. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची 'सेशन गिटारिस्ट' मालिका किंवा यूजॅमची 'व्हर्च्युअल गिटारिस्ट' मालिका या जातीची. तुम्ही कीबोर्डवर कॉर्ड धरायची, आत एखाद्या कसलेल्या वादकाच्या हाताचा ठेका तुमच्या कॉर्डप्रमाणे वाजतो. मागच्या स्ट्रमिंगसाठी याहून कमी कष्टात जास्त खरा आवाज मिळत नाही. पण आपल्या गाण्यांच्या बाबतीत इथेच एक मोठी अडचण आहे. यातले बरेचसे ठेके पाश्चात्त्य पॉप-रॉकच्या चार मात्रांचे असतात. कोळीगीतात होडीसारखा हेलकावा अनेकदा सहा मात्रांत असतो. हळदीच्या गाण्याची लय वेगवान आणि तिचा जोर भलत्याच मात्रेवर. चारच्या ठेक्यावर ते गाणं बसवलं की गिटार खरी वाटते, गाणं मात्र परकं वाटू लागतं. म्हणून या जातीचं काही घेण्याआधी त्यात सहा-आठचे ठेके किती आहेत ते मोजा. तुमच्या गाण्याच्या वेगावर ते ऐकूनही पाहा, कारण रेकॉर्ड केलेला फटकारा फार ताणला किंवा आवळला की तारेचा आवाज फाटतो.

दुसरा प्रकार सुटे सूर रेकॉर्ड केलेल्यांचा, म्हणजे सॅम्पल केलेल्या गिटारचा. प्रत्येक तार, प्रत्येक पडदा, हळू-मध्यम-जोरात छेडून रेकॉर्ड केलेला. ॲम्पल साऊंडची गिटारं, म्युझिकलॅबची 'रिअलगिटार', ऑरेंज ट्री सॅम्पल्सची 'इव्होल्यूशन' मालिका या जातीच्या. इथे ठेका तुमचा, कॉर्डची मांडणी तुमची, मेहनतही तुमचीच. आगरी-कोळी गाणी, भजनं, भावगीतं करणाऱ्याला मी हाच प्रकार सुचवतो, कारण हाताचा झोका आपल्याला हवा तसा बसवता येतो.

तिसऱ्या प्रकारात रेकॉर्डिंग नसतंच. तारेचं कंपन गणिताने घडवलेलं असतं. केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग या दोघांनी १९८३ मध्ये छेडलेल्या तारेची एक सोपी पद्धत मांडली. छोटासा गोंगाट एका फेऱ्यात फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत त्याची धार जराशी कमी करायची, की तार छेडल्यासारखा सूर निघतो. पुढे या वाटेने बरंच काम झालं. अप्लाइड अकूस्टिक्स सिस्टिम्सचं 'स्ट्रम जीएस-२' हे त्यातलं नावाजलेलं. ते डिस्कवर फार कमी जागा घेतं, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवाल्याला परवडतं. उघडी, एकटी गिटार ऐकली तर लाकडाचा घुमारा थोडा कमी भासतो; भरल्या गाण्यात ते कळत नाही.

कोणताही प्रकार निवडा, एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते आणि ती कुठल्याच डब्यात मिळत नाही: गिटारवादकाचा डावा हात. आपण कीबोर्डवर सी मेजर धरतो तेव्हा सा-ग-प तीन सूर शेजारीशेजारी येतात. गिटारवर तीच उघडी कॉर्ड खालून वर सा, ग, प, वरचा सा, वरचा ग अशी पाच तारांवर पसरते. जी मेजर तर सहाही तारांवर: सा ग प सा ग आणि एकदम वरचा सा. शेवटच्या दोन तारांमधला पंचम तिथे नाहीच. हा गाळलेला सूर, ही मोकळी जागा म्हणजे गिटारचा आवाज. कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या आणि त्यावर हार्मोनियमसारखे तीन सूर दाबा. ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण ही गिटार नव्हे हे त्याला कळेल. तारा सहा, म्हणून एका वेळी सहापेक्षा जास्त सूर नकोत. बोटं साधारण चार पडद्यांच्या टप्प्यात पोहोचतात, त्यापलीकडची कॉर्ड नको. सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपासच्या ई सुराची. त्याखालचा सूर साध्या जुळणीत त्या वाद्यात नाहीच, तो बासला द्या.

यातच कापोचा, म्हणजे एका पडद्यावर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याचा, मुद्दा येतो. आमचे गायक पट्टी सांगताना काळी एक, काळी दोन असं सांगतात. काळी दोनमध्ये, म्हणजे डी शार्पमध्ये, गिटारवादक सहसा सगळ्या तारा दाबत बसत नाही. तो पहिल्या पडद्यावर कापो लावून डीच्या आकाराने वाजवतो, नाहीतर तिसऱ्या पडद्यावर लावून सीच्या आकाराने. त्यामुळे काळी पट्टी असूनही उघड्या तारांचा मोकळा घुमारा राहतो. सॉफ्टवेअरमध्ये कापोची सोय आहे का ते पाहा. ॲम्पलच्या गिटारमध्ये ती आहे. नसेल तर कॉर्ड कोणत्या पडद्यावर धरायची हे तरी ठरवता यायला हवं. आपल्याकडची कितीतरी गाणी काळ्या पट्ट्यांत असतात, त्यामुळे ही बाब किरकोळ समजू नका.

आता कीबोर्डकडे. घरोघरी असतो तो एकसष्ट पट्ट्यांचा. मिडीच्या मोजणीत त्याची पहिली पट्टी छत्तिसावी आणि गिटारची सर्वांत खालची तार चाळिसावी. म्हणजे गिटारच्या खाली उरतात फक्त चार पट्ट्या. गिटारच्या सॉफ्टवेअरमध्ये मीड, हातोडी, तळव्याने दाबलेली तार, हार्मोनिक असे सगळे प्रकार बदलायला 'कीस्विच' असतात आणि ते बहुतेकदा त्या चार पट्ट्यांच्याही खाली असतात. नवखा माणूस चार दिवस वाजवतो आणि म्हणतो, यात मीड येतच नाही. येते, तिची पट्टी तुमच्या कीबोर्डवर नसते. उपाय तीन आहेत. ऑक्टेव्ह खाली सरकवायचं बटण वापरणं हा पहिला, पण वाजवता वाजवता ते गैरसोयीचं. छोटा पंचवीस पट्ट्यांचा दुसरा कीबोर्ड डाव्या हाताला ठेवणं हा दुसरा. तिसरा म्हणजे आधी सूर वाजवून घ्यायचे आणि कीस्विच नंतर माऊसने पियानो रोलमध्ये भरायचे. मी तिसरा वापरतो. काही सॉफ्टवेअरमध्ये कीस्विच हव्या त्या पट्टीवर नेता येतात. ती सोय असेल तर सॉफ्टवेअर निवडताना तिला मोठे गुण द्या.

लीड वाजवायची असेल तर मीड हाच निकष. आपली चाल सुरावरून सुरावर घसरत जाते. पिच बेंडची चकती फिरवून काम भागेल असं वाटतं, पण चकती सगळ्या सुरांना एकत्र ओढते आणि खालीही नेते. गिटारची तार मात्र बोटाने ओढली की वरच चढते. वर ओढलेली तार परत मूळ सुरावर सोडता येते, पण तिच्या खाली नाही. म्हणून चकती वापरा, ती मूळ सुराच्या खाली उतरू देऊ नका आणि पल्ला दोन सेमिटोनचा ठेवा. घसरता सूर खरोखर बोट घसरवून रेकॉर्ड केलेला आहे का, हे कंपनीच्या माहितीत पाहा. ज्यांनी १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तलं 'दम मारो दम' ऐकलंय त्यांना भूपिंदर सिंग यांच्या गिटारची ती सुरुवात आठवत असेल. ती एकदा कान लावून ऐका आणि एक सूर दुसऱ्यात कसा जातो तेवढंच टिपा. मग डेमो ऐका. हवाईयन गिटारची चाल हवी असेल, हजारा सिंग किंवा व्हॅन शिप्ले यांच्या वादनासारखी, तर साध्या गिटारच्या सॉफ्टवेअरकडून ती काढू नका. लॅप स्टीलसाठी वेगळं सॉफ्टवेअर शोधा, कारण तिथे पडदाच नसतो आणि मीड अखंड असते.

आमच्या गावाची ओळख रांगोळीची. जूचंद्रच्या कलाकारांनी काढलेली व्यक्तिचित्रं लांबून फोटोसारखी दिसतात. जवळ गेलं की दिसतं, गालावरची सावली एका रंगाची नाही. एकावर एक पातळ थर टाकून ती उतरवलेली आहे, आणि दोन चिमटी कधीच सारख्या पडलेल्या नाहीत. सॅम्पल केलेल्या गिटारचं तंतोतंत असंच आहे. एकच सूर हळू, जरा जोरात, जोरात असा किती थरांत रेकॉर्ड केलाय आणि प्रत्येक थरात त्याच सुराच्या किती वेगवेगळ्या छेडी आहेत, यावर तिचा जिवंतपणा ठरतो. छेडी कमी असतील तर एकच सूर ओळीने वाजवल्यावर शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं. जाहिरातीत किती गिगाबाइट लिहिलेत यापेक्षा हे थर आणि या छेडी पाहा. मोठा आकडा कधीकधी तोच सूर चार माईकांनी घेतल्यामुळेही होतो, आणि घरच्या गाण्यात त्यातला एकच माईक वापरला जातो.

घेण्याआधीची माझी तपासणी साधी आहे. कंपनीचं डेमो गाणं बाजूला ठेवायचं. ते पूर्ण मिक्स करून, सजवून दिलेलं असतं. चाचणी आवृत्ती उतरवायची. नसेल तर कोणीतरी नुसतं वाजवून दाखवलेला, मागे काही नसलेला व्हिडिओ शोधायचा. पहिल्यांदा एकच सूर आठ वेळा सारख्या जोराने वाजवा. दोन छेडी हुबेहूब ऐकू आल्या तर सावध व्हा. मग एक कॉर्ड अगदी हळूपासून जोरापर्यंत चढवत न्या. खऱ्या गिटारमध्ये जोर वाढला की नुसता आवाज वाढत नाही, सूर उजळतो आणि पडद्यावर तार किंचित खडखडते. आवाजच फक्त मोठा होत असेल तर थर कमी आहेत. शेवटी तुमच्याच एखाद्या जुन्या गाण्यावर, ढोलकी आणि बाससकट, ती वाजवा आणि गिटार वाजवणाऱ्या कोणाला तरी न सांगता ऐकवा. त्याने विचारलं, "कोणाला बोलावलं होतं?" तर घ्या.

सुरुवात फुकटातून करा. 'ॲम्पल गिटार एम लाइट' ही मोफत आहे. तिच्यात मोठ्या आवृत्तीची सगळी तंत्रं नाहीत, पण स्ट्रमिंग आणि साधं पिकिंग शिकायला पुरेशी आहे. तिची थोरली बहीण मार्टिन गिटारवरून घेतलेली, त्यामुळे आवाजाची जात ओळखायलाही ती उपयोगी. आयफोन किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँडमधली स्मार्ट गिटार चालींचा कच्चा आराखडा करायला उत्तम. सहा महिने यावर काढले की आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते कळतं, आणि मग पैसे योग्य जागी जातात.

पैशांचं थोडं सांगतो. किंमत डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये असते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करावा लागतो, वर चलन बदलण्याचा आकार आणि काही ठिकाणी १८ टक्के जीएसटी लागतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बहुतेक कंपन्या किमती बऱ्याच उतरवतात. घाई नसेल तर दिवाळीनंतर तेवढं थांबा. 'कॉन्टॅक्ट' या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारी गिटार घेताना ती मोफत 'कॉन्टॅक्ट प्लेअर'वर चालते की पूर्ण 'कॉन्टॅक्ट' विकत घ्यावं लागतं, हे शंभरदा वाचा. प्लेअरसाठी नसलेली लायब्ररी त्यात पंधरा मिनिटं वाजते आणि बंद पडते. गिटारच्या किमतीपेक्षा तिला वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत जास्त, असं कित्येकांचं झालंय. मॅकवरच्या गॅरेजबँडवाल्यांनी प्लगइन एयू प्रकारात मिळतं ना तेवढं पाहावं.

चोरीची प्रत घेऊ नका. मला सुरुवातीला एका दुकानातून हार्ड डिस्क भरून मिळाली होती. तीन महिन्यांनी संगणक बंद पडला, आणि नव्या संगणकावर एका देवीच्या गाण्याची फाइल उघडली तेव्हा गिटारच्या जागी रिकामा ट्रॅक होता. ते गाणं मला पहिल्यापासून बांधावं लागलं. शिवाय ज्या वादकाने हजारो सूर एकेक करून छेडून दिले, त्याचं कामही आपल्यासारखंच काम आहे.

सॉफ्टवेअर हातात आलं की खरी गिटार बनवायची ती अशी. स्ट्रमिंगमध्ये खाली जाणारा हात जाड तारेपासून बारीक तारेकडे जातो, वर येणारा उलटा, आणि वर येताना तो बहुधा वरच्या तीन-चार तारांनाच लागतो. सहा सूर एकाच क्षणी पडले तर तो पियानो. संथ गाण्यात पहिल्या आणि शेवटच्या तारेत मी ४० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर ठेवतो, वेगवान हळदीच्या गाण्यात १५ ते २०. खालचे फटकारे जड, वरचे हलके. कॉर्ड बदलण्याआधीचा शेवटचा वरचा फटकारा बहुतेक वादक उघड्या तारांवर मारतात, कारण तेव्हा डावा हात पुढच्या कॉर्डकडे निघालेला असतो. तो एक 'चुकीचा' फटकारा घाला आणि फरक पाहा. बोट घसरल्याची किरकिर मात्र कमी ठेवा. कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये ती आधीच जास्त वाढवून दिलेली असते. खऱ्या वादकाचा हात जागा बदलतो तेव्हाच ती येते.

गाणं रुंद करायला उजवीकडे-डावीकडे दोन गिटार ठेवतात. तोच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मध्येच ऐकू येतो, फक्त मोठा होतो. दुसऱ्यांदा वेगळं वाजवा आणि शक्य असेल तर वेगळ्या कापोने: एकीकडे काळी एक सीच्या आकारात पहिल्या पडद्यावर, दुसरीकडे एच्या आकारात चौथ्यावर. सूर तेच, तारा वेगळ्या. मांडवातल्या स्पीकरवर गाणं बरेचदा मोनोमध्ये वाजतं, म्हणून शेवटी मोनो करून तपासा. गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापून टाका. ती जागा ढोलकीच्या खर्जाची आणि बासची.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये निम्मा आवाज ॲम्पचा असतो. म्हणून कोरा, ॲम्पशिवायचा आवाज देणारं सॉफ्टवेअर घ्या आणि त्यापुढे ॲम्पचं वेगळं प्लगइन लावा. 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' मोफत आहे आणि दर्जाने खरोखर चांगलं आहे. डिस्टॉर्शन चढवलं की पूर्ण कॉर्ड वाजवू नका. सा आणि प एवढेच पुरे, गांधार घातला की चिखल होतो.

वाजवताना सूर उशिरा येत असेल तर दोष सॉफ्टवेअरला देण्याआधी बफर पाहा. ४४,१०० च्या रेटवर १२८ चा बफर म्हणजे जेमतेम तीन मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे साडेअकरा. वाजवताना कमी, मिक्स करताना जास्त. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकलेला हवा. मेमरी आठ गिगाबाइट असेल तर एका वेळी एकच गिटार उघडी ठेवा. सोळा असेल आणि लायब्ररी एसएसडीवर असेल तर फारशी चिंता नाही.

आणि गाण्याची मुख्य चालच गिटारवर असेल, मागे फारसं काही नसेल, तर सॉफ्टवेअर घेऊ नका. वसईत चर्चच्या गायनवृंदात वाढलेले गिटारवादक गावोगाव आहेत. आपण नायगावला गाडी पकडून पुढच्या स्टेशनवर उतरलो की वसई रोड. माझी पद्धत अशी की सॉफ्टवेअरवर चाल बांधायची, तिचा मिडी ट्रॅक आणि गाण्याची पट्टी वादकाला पाठवायची, आणि तो त्याच्या घरून वायर लावून कोरा आवाज रेकॉर्ड करून देतो. ॲम्प मी इथे लावतो. त्याला योग्य मानधन आधी ठरवून द्यायचं आणि गाण्याच्या श्रेयनामावलीत नाव घालायचं.

गाणं पूर्ण झालं की गिटारचा ट्रॅक ऑडिओमध्ये उतरवून वेगळा जपून ठेवा. सोबत एका मजकूर फाइलमध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती, पॅचचं नाव, कापोचा पडदा आणि ॲम्पची सेटिंग लिहा. पुढच्या नवरात्रात मंडळ तेच गाणं वेगळ्या पट्टीत मागतं, आणि तोवर सॉफ्टवेअर दोनदा अपडेट झालेलं असतं.